पेनानं भरलेलं कोडं

गूढ शब्दकोडं मी पेनानं सोडवतो. पेन्सिल वापरणारे डरपोक, असं माझं जाहीर मत आहे. जाहीर न केलेली गोष्ट अशी, की शेवटची चार-पाच उत्तरं मला कधीच येत नाहीत. तिथं मी हाताला येतील ती अक्षरं भरतो, पेनाला टक्कन टोपण लावतो आणि म्हणतो, "संपलं." बायको माझा रिकामा कप उचलून आत जाते. अकरा वर्षं हे असंच चाललंय. झाकली मूठ सव्वा लाखाची.

परवा सासऱ्यांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि ते आमच्याकडे राहायला आले. ते कोड्यांत मुरलेले, आणि या जगात मला हुशार समजणारे ते एकटेच. डोळ्यांवर पट्टी, म्हणून सकाळी मी त्यांना सूत्रं वाचून दाखवली. त्यांनी मनातल्या मनात सगळी सोडवली, एक सोडून.

"जावईबापू, तुमचं संपलं ना? चौदा आडवा सांगा. 'कुठूनही या, नवा जन्मच', पाच अक्षरी."

चौदा आडव्यात माझ्या सुवाच्य अक्षरात 'कमटपूस' लिहिलं होतं. मी पेपर पालथा घातला.

"लगेच सांगितलं तर मजा काय, बाबा?"

"तासभर डोकं खाजवतोय. हरलो मी. सांगा."

"नवजीवन," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "उलटं वाचलं तरी तेच."

"वा! यांनी सांगितलं होय तुला?"

"हो. यांनीच."

मी आत गेलो. ती फळ्या पुसत होती. डब्यांखाली माझेच जुने पेपर अंथरलेले; ते मी आज पहिल्यांदा पाहिले. प्रत्येक कोड्यात माझी निळी अक्षरं हलकेच खोडून वर पेन्सिलीनं बरोबर उत्तरं लिहिली होती. ज्यांचा मला अभिमान होता, त्यातलीही बरीच खोडलेली.

"कधी बोलली का नाहीस?"

"'संपलं' म्हणताना तुम्ही इतके खूश दिसता," ती फडकं पिळत म्हणाली. "आणि मलाही सोडवायला काहीतरी उरायचं."

मला खरोखर लाज वाटली. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "जावईबापू, तुम्ही आहात म्हणून बरं. आमच्या मुलीला यातलं काय कळतंय?"

मी बाहेर जाऊन त्यांच्यासमोर बसलो. "बाबा, नवजीवन तिचं आहे. माझं उत्तर होतं कमटपूस."

सासऱ्यांनी पट्टी बांधलेला चेहरा माझ्याकडे वळवला.

"पेनानं?" त्यांनी विचारलं.

"पेनानं."