कडूचा पाय

शाळेच्या नाटकात माझी लेक कडू नारू काढनारा वैदू झाली हुती. शामकांत गुरुजींनी आपल्या जुन्या धोतराची लांब पट्टी फाडून तिचाच नारू केला. शेजारच्या सहादेवाचं पोर पाय धरून "मेलो, मेलो" वरडायचं, आन् कडू ती पट्टी काडीला गुंडाळत हळूहळू वढायची. मग पुढं येऊन ठसक्यात म्हनायची, "पानी गाळून प्या हो! नारूचा पाय पान्यात घालू नका हो!" समदी वाडी हसून लोळली.

मी न्हाई हसले. माझ्या घरात खरा नारू खाटेवर पडला हुता. कडूच्या बापाच्या गुडघ्याखालनं दोऱ्यावानी किडा निघत हुता, रोज बोटभर. मी गुरुजींना म्हनलं, "गाळायला आधी पानी तर पायजे? आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येनार?" गुरुजी मानूस गरीब. म्हनले, "चांगुणाबाई, माझ्या हातात एवढंच आहे हो."

साल बहात्तरचं. विहीर आटलेली. तळाला कपारीत तेवढं पानी साचायचं, आन् तितं मोठं मानूस मावायचं न्हाई. म्हनून लेकरू दोराला बांधून सोडायचं, त्यानं डबक्यात उभं ऱ्हाऊन वाटीनं बादली भरायची. मागल्या आठवड्यात सहादेवाचं पोर घसरलं, हात मोडला. तवापासनं कुनी आपलं लेकरू देईना. ऱ्हायली माझी कडू. दोन लेकरं गेल्यावर झालेली, दृष्ट लागू नये म्हनून नाव कडू ठेवलेली. तिला खाली सोडताना माझा जीव टांगनीला लागायचा.

त्या दिवशी दोर बांधाया गेले, तर पोरगी मागं सरली.

"आये, मी न्हाई उतरायची."

"का गं? भ्यालीस?"

तिनं पाय पुढं केला. घोट्यापाशी टरटरीत फोड. बापाला आधी असाच आला हुता.

"माझा पाय पान्यात गेला तर समद्या वाडीला नारू हुईल. गुरुजींनी सांगितलंय."

आगं बया! मी बायांकडं बघितलं. रिकाम्या घागरी घेऊन समद्या उभ्या. शेवटी म्हातारी आक्काबाई म्हनली, "नारूनं पाय जातोय, चांगुणे. तहानेनं जीव जातोय." घरी नवरा सकाळपासनं पानी मागत हुता.

गुरुजीबी कळशी घेऊन तितंच उभे. मी त्यांच्यावरच उसळले. "आता बोला की! तुमी शिकवलं, लेकरू शिकलं. आता पुढं काय करायचं ते बी शिकवा!"

गुरुजींचं तोंड उतरलं. चपला काढल्या, "मी उतरतो" म्हनले. सहादेवानं दंडाला धरलं. "गुरुजी, खांदे अडकतील. तुमाला वर कोन काढनार?"

मग ते शाळेत गेले आन् नाटकातली ती पट्टी घेऊन आले. मातीत बसून कडूच्या घोट्याला गुंडाळाया लागले, एकावर एक येढे.

"गुरुजी, कापड भिजंल की," कडू म्हनली.

गुरुजींनी गाठ मारली, उठले आन् माझ्यासंगं दोर धरला. मला लई राग आला हुता त्यांचा, आन् त्यांची कीवबी येत हुती. काय करावं मानसानं?

कडू खाली गेली. पान्यात पाय पडल्याचा आवाज आला. बायांनी पदर दुमडून घागरींच्या तोंडावर धरले. वाटीचा आवाज येत ऱ्हायला, मग थांबला. बादली भरली की दोर हलवायचा, तर दोर काय हलंना.

मी वाकून हाक मारली, "कडे, भरली का गं?"

खालनं रडत रडत आवाज आला, नाटकातलाच. "पानी गाळून प्या हो!"

दुसरी ओळ, ती पायाची, तिनं म्हनलीच न्हाई. आमी दोर वढला.