बुचाची जमीन

अप्पांनी काठी दोनदा जमिनीवर आपटली आणि कान टवकारले. ठक नाही की ठुक नाही. खालच्या मजल्यावरच्या सूनबाईला चहाची वर्दी द्यायची ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत, आणि नव्या जमिनीने तिलाच बूच लावलं होतं.

अप्पांच्या खोलीतली ही बुचाच्या फरशांची जमीन सूनबाईच्या पसंतीची. घरांचे आराखडे काढणं हे तिचं कामच.

"बुचासाठी झाड तोडावं लागत नाही, अप्पा. नुसती साल काढायची, ती परत येते. सिमेंटसारख्या भट्ट्या पेटवायला नकोत. खोली ऊबदार राहील, हीटर कमी लागेल. तेवढाच हवेत धूर कमी."

"बूच बाटलीला लावतात," अप्पा कुरकुरले होते, "सासऱ्याला नाही."

ती खळखळून हसली आणि जमीन बसलीच.

पण झालं भलतंच. वरून आवाज येईना, म्हणून तिच्या जिवाला घोर. हातातलं काम टाकून ती सारखी वर यायची, "बरे आहात ना?" म्हणत टेकायची आणि मग गप्पा सुरू. पृथ्वी तापतेय इथपासून शेजारणीच्या आगाऊ मांजरापर्यंत. आपली सून इतकी बोलकी आहे, हे अप्पांना एवढ्या वर्षांत ठाऊकच नव्हतं. ते मनातून फार खूश होते.

तेवढ्यात मुलाला शहाणपण सुचलं. त्याने सेलवर चालणारी घंटी आणली.

"हे बटण दाबा, खाली वाजेल. हिची उगाच धावपळ नको."

घंटी उत्तम वाजायची. नाही वाजली म्हणजे वर सगळं ठीक, असा खाली हिशेब झाला. वाजली की चहा यायचा, टेबलावर ठेवला जायचा आणि सूनबाई आल्या पावली परत. अप्पांना तो चहा गोड लागेना.

एका दुपारी ती धापा टाकत वर आली.

"सकाळपासून घंटी नाही. म्हटलं, बघावं तरी."

"बिघडली वाटतं," खिडकीबाहेर बघत अप्पा म्हणाले.

तिने बटण उचलून उलटं केलं. मागचं झाकण सैल होतं आणि सेलची जागा रिकामी. तिने अप्पांकडे पाहिलं. त्यांची एक मूठ घट्ट मिटलेली होती.

बटण तिने खणात टाकलं, चपला काढल्या आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

"दुरुस्तीला द्यावी लागेल," ती म्हणाली. "हल्ली फार वेळ लावतात हो."