वीरगळाचा गॉगल

कांदिवलीच्या गावठाणात, क्रूसाच्या मागे, चिंचेखाली एक वीरगळ उभा होता. वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्या माणसासाठी कोरलेला दगड. खाली होडीतली मारामारी, मध्ये स्वर्गाला निघालेला वीर, सगळ्यात वर शंकराची पिंड. मालनताई दर सोमवारी त्याला तेल घालायच्या आणि सेबॅस्टियन त्याला गॉगल घालायचा.

सेबॅस्टियन पन्नाशीचा, पण अक्कल शाळेच्या शेवटच्या बाकावरच विसरून आलेला. कधी गॉगल, कधी नाताळची लाल टोपी, मॅच असली की निळी कॅप. मग वाकून, बसून, चिंचेवर चढून, चहूबाजूंनी फोटो, आणि गावठाणाच्या ग्रुपवर 'गुड मॉर्निंग, दगडूशेट बोलतोय.'

एकदा मालनताईंनी त्याला पकडलंच. "देवाक चष्मो घालतस, मेल्या?" म्हणत गॉगल हिसकावला आणि त्याच्या मागे लागल्या. दगडाच्या पलीकडे त्या, अलीकडे हा, दोघं गोल गोल, आणि हा पठ्ठ्या पळता पळता व्हिडिओ काढतोय. ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, 'मालनताईंची प्रदक्षिणा.' तेव्हापासून ताई त्याच्याशी बोलायच्या बंद.

मग एक दिवस बांधकामाचा डंपर रिव्हर्स घेताना चिंचेखाली घुसला. वीरगळाचे तुकडे झाले, बाजूची जुनी भिंतही त्यावरच कोसळली. ढिगाऱ्यात सगळा दगड काळा, सगळा सारखा.

"काकू, उद्या सकाळी हे राबिट, हा सगळा ढिगारा उचलतो," मुकादम म्हणाला. "तुम्हाला मार्बलचा नवा देव देऊ ना. झकास."

मालनताई तेलाची वाटी हातात धरून ढिगाऱ्याशी बसून राहिल्या. सेबॅस्टियननं ते लांबून बघितलं, पण मोबाइल काढला नाही.

संध्याकाळी मालनताईंची सून श्रुतिका त्याच्या दारात आली. ती अंधेरीच्या एका स्टुडिओत पिक्चरवाल्यांसाठी कॉम्प्युटरवर किल्ले बांधते.

"अंकल, ते सगळे फोटो द्या."

"कुठले गं?"

"ज्यांच्यावरून शिव्या खाल्ल्यात ते. सगळ्या बाजूंचे फोटो असले की कॉम्प्युटर ते जोडून अख्खा दगड उभा करतो. मग कुठला तुकडा आपला, ते तरी कळेल. डिलीट नाही ना केलेत?"

"मी घरातला कचरा टाकत नाही, बायकोला विचार, हिल्डाला. फोटो कुठून टाकणार?"

जेवणं होईतो मालनताईंच्या ओट्यावर, लॅपटॉपमध्ये वीरगळ उभा राहिला. गोल फिरत होता. होडी दिसली, वल्ही दिसली, वीराचा ढाल धरलेला हातसुद्धा. पण वरती, पिंडीच्या जागी, नुसतं भोक.

"प्रत्येक फोटोत तिथे गॉगल नाहीतर टोपी आहे," श्रुतिका म्हणाली. "खालचं काही दिसतच नाही."

सेबॅस्टियनचे कान तापले. ताईंकडे बघायची हिंमत होईना.

"एक व्हिडिओ आहे," तो हळूच म्हणाला. "त्यात गॉगल नाहीये. तो तुझ्या सासूच्या हातात आहे."

व्हिडिओ लागला. मालनताई धावताहेत, शिव्या घालताहेत, आणि मधोमध वीरगळाचा उघडा माथा, चारी बाजूंनी. थोड्या वेळानं भोक भरलं. पिंड आली, शेजारी नंदी आला, एका कानानं तुटका.

"तो पयल्यापासूनच तुटलेलो," ताई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

सकाळी डंपर आला तेव्हा अख्खं गावठाण ढिगाऱ्यावर बसलं होतं, मध्ये लॅपटॉप. हिल्डाला वल्ही सापडली, मुकादमाला नंदी. नंदी हातात घेऊन मुकादम लॅपटॉपकडे बघत राहिला आणि त्यानंच गाडी परत पाठवली. मग पुरातत्त्व खात्याच्या बाई आल्या. मॉडेल समोर ठेवून त्यांनी तुकडा तुकडा जोडला. आता ते मॉडेल इंटरनेटवर आहे. कुठकुठले लोक वीरगळाचा पत्ता विचारत येतात, आणि सेबॅस्टियन त्यांना तीनदा चुकीच्या गल्लीत पाठवून मग स्वतः घेऊन जातो.

वीरगळ उभा राहिला त्या सोमवारी मालनताईंनी तेल घातलं, हात जोडले. मग पदराआडून तोच जुना गॉगल काढला, पुसला आणि स्वतःच्या हातानं वीरगळाच्या माथ्यावर ठेवला.

"आज एकदाच," त्या म्हणाल्या. "काढ फोटो, सेबा. मगे चष्मो काढून परत काढ. सगळ्या बाजूंनी."

सेबॅस्टियननं मोबाइल उचलला, पण पहिले दोन-तीन फोटो हललेच.