तिसऱ्या मजल्याचं जाळीचं दार

लिफ्ट दुरुस्तीच्या त्या कंपनीत कालपर्यंत सगळा कारभार ताईंच्या हातून चाले. तक्रारीचा फोन घ्यायचा त्यांनी, मेकॅनिकला पाठवायचं त्यांनी, आणि तो लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरण्याआधी कचेरीत बसून लिफ्टला कुलूप घालायचं, तेही त्यांनीच. कुलूप म्हणजे कॉम्प्युटरवरची एक कळ. ती दाबली की तिकडे दूरच्या इमारतीतली लिफ्ट जागची हलत नसे. काम झालं की पुन्हा कळ दाबून तिला मोकळी करायची.

आज सकाळपासून हे सगळं नव्या एआय प्लॅटफॉर्मकडे गेलं होतं. फोन तोच घेई, मेकॅनिकशी गोड आवाजात तोच बोले, कुलूपही तोच घाली आणि काढी. ताईंना पडद्याकडे बघत बसण्याचं काम उरलं होतं.

"कसं वाटतंय, ताई?" प्लॅटफॉर्म बसवायला आलेल्या इंजिनिअरने विचारलं. माणूस भला होता. ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून त्याने त्यांचं एकेक काम विचारून घेतलं होतं, तेही त्यांचा मान राखून.

"सून आल्यावर सासूला वाटतं तसं," ताई म्हणाल्या. "सगळं नीट चाललंय, म्हणून जास्तच राग येतोय."

दोघं हसले. तेवढ्यात स्पीकरमधून ओळखीचा आवाज आला.

"झालं! सोड लिफ्ट."

हा ताईंचा धाकटा भाऊ. कंपनीतला सगळ्यात चांगला मेकॅनिक आणि सगळ्यात उतावळा, म्हणून सगळे त्याला धांदल्या म्हणत.

"काम पूर्ण केल्याबद्दल धन्यवाद," प्लॅटफॉर्म म्हणाला. "लिफ्ट मोकळी करत आहे."

ताईंच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच विरलं.

खड्ड्याच्या तळाशी फोनला रेंज नसते. म्हणून धांदल्या शिडीवर चढून डोकं वर काढी, 'झालं' म्हणे, आणि हत्यारं गोळा करायला परत खाली उतरे. तळाशी एक लाल बटण असतं, ते दाबलेलं असेपर्यंत लिफ्ट हलत नाही; तेही तो आधीच सोडवून ठेवी. भरवसा ताईंवर. 'झालं' ऐकून ताई कळीला हातही लावत नसत. थोड्या वेळाने त्याचा दुसरा फोन येई, "आलो गं वर, जेवलीस का?" मग त्या त्याला दोन शब्द सुनावत आणि कळ दाबत.

इंजिनिअरने विचारलं होतं, "मेकॅनिक 'झालं' म्हणाला की पुढे काय?" ताईंनी सांगितलं होतं, "पुढे काय, लिफ्ट सोडायची." दुसऱ्या फोनचं त्यांच्या मनातही आलं नाही. ते कुठे काम होतं? ते तर भावाशी बोलणं होतं.

"थांबवा," त्या उभ्या राहिल्या. "अहो थांबवा, तो आतच आहे!"

"कोण?"

"माझा भाऊ! खड्ड्यात! लिफ्ट अंगावर येईल त्याच्या!"

इंजिनिअरचा रंगच उडाला. तो कळा बडवू लागला. पडद्यावर 'तपासणी सुरू' अशी निळी पट्टी भरत चालली होती. ती भरली की तिसऱ्या मजल्यावर उभी असलेली लिफ्ट आपसूक तळाशी येणार.

"मालकांची संमती मागतंय," तो म्हणाला. "लोक जुन्या सवयीवर जातील म्हणून त्यांनीच हाताने थांबवायचं बंद करून घेतलंय."

मालकांचा फोन बंद. धांदल्याचा रेंजबाहेर.

ताई पडद्यावर ओरडल्या, "थांबव रे ती लिफ्ट, देवासाठी थांबव!"

"देवासाठी या नावाची इमारत सापडली नाही," प्लॅटफॉर्म नम्रपणे म्हणाला.

इंजिनिअरने टेबलाखाली शिरून वायरी उपटायला घेतल्या. "त्याने काय होणार?" ताई म्हणाल्या. "हुकूम तर कधीच गेलाय." देवा नारायणा, आईविना वाढवलाय मी त्याला. काहीतरी दाखव, काहीही दाखव. आणि पडद्याच्या कोपऱ्यात त्यांना तक्रार करणारीचा नंबर दिसला. तिसरा मजला. निवृत्त मुख्याध्यापिका. ताईंनी आपल्या फोनवरून तो लावला.

"आलात का शुद्धीवर?" पलीकडून आवाज आला. "सकाळपासून तुमचा तो भाट मला म्हणतोय, आपल्या संयमाबद्दल आभार. मला संयम नाहीच मुळी! गुडघा—"

"बाई, लिफ्ट तुमच्या मजल्यावर उभी आहे ना?"

"दारासमोर. म्हशीसारखी."

"तिचं जाळीचं दार उघडा. आत्ताच्या आत्ता. दार उघडं असलं की ती हलत नाही."

"हात लावू नये अशी पाटी लावून गेलाय तुमचा माणूस. नियम म्हणजे—"

"तो माझा भाऊ आहे हो! खाली तळाशी आहे. लिफ्ट निघालीय त्याच्यावर. पाया पडते तुमच्या, उघडा!"

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज, काठीची टकटक, "चल मेल्या गुडघ्या, चल." ताईंनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा निळी पट्टी भरली होती. 'लिफ्ट तळमजल्याकडे निघत आहे.'

फोनमध्ये लोखंड खडखडलं. मग काहीच नाही.

"बाई? बाई!"

"ओरडू नका, बहिरी नाही मी. घरघरली, एक हिसका दिला आणि थांबली. दार उघडंय. मी मध्येच उभी आहे."

'अडथळा: दार उघडे. पुन्हा प्रयत्न करत आहे,' पडदा म्हणाला.

"हलू नका, बाई. ती परत निघेल."

"निघू दे. मला हलवणारा अजून जन्माला यायचाय." आणि मग, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात, "ए खालच्या! बाहेर नीघ आधी!"

उत्तर आलं नाही. बाईंनी पुन्हा हाक मारली. पुन्हा काही नाही.  तिसऱ्या हाकेला फार खोलवरून काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं.

"आला का बाहेर?"

"आलो म्हणतोय. पोरांच्या म्हणण्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही. जिन्याने वर ये, तोंड दाखव, म्हटलंय. तोवर हे दार लागायचं नाही."

जिन्यावर पावलं वाजली. जवळ येत गेली. धापा ऐकू आल्या, बाईंचं "इकडे ये, उजेडात ये" ऐकू आलं, मग फोन हातातून हातात गेला.

"ताई? अगं काय झालं? या बाईंनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलंय."

 इंजिनिअर फोन घ्यायला हात पुढे करून उभा होता. त्यांनी मान हलवली, फोन दिला नाही.

"धरू दे," त्या शेवटी म्हणाल्या. "धरू दे त्यांना."

पडद्यावर लिफ्ट पुन्हा निघायचा प्रयत्न करत होती.