चौघांनी उचलायचे छप्पर

मित्रांनो, मी एक जुना ट्रेलर आहे. पण विटा-वाळू वाहणारा नव्हे, मोटारीमागे जोडून सहलीला न्यायचा. माझ्या पोटात दोन माणसांचा बिछाना आहे, चहाची शेगडी आहे आणि डोक्यावर वर-खाली होणारे छप्पर आहे. मुक्कामाला पोचल्यावर ते उचलले, की आत ताठ उभे राहता येते.

ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग गावी नव्यानेच राहायला आलेल्या क्लाइव्हने मला घरामागच्या शेडमध्ये बनवले. माणूस हुशार, पण हेकट. मदत मागणे म्हणजे त्याला नाक कापल्यासारखे वाटे. दुकानदाराने छपराला हलका पत्रा सुचवला, तर याने जाडजूड प्लायवूड ठोकले. झाले! चार कोपऱ्यांना चार माणसे लागल्याशिवाय छप्पर हलेना.

त्याची बायको नोरीन भारी बोलकी. नव्या गावात ओळखीचे कुणी नाही म्हणून ती झुरत होती. पहिल्याच मुक्कामी, समुद्रकाठी, क्लाइव्ह एकटा छपराला भिडला आणि लालबुंद झाला.

"अरे, हाक मार ना कुणाला! कंबर मोडून घेणारेस का?" नोरीन म्हणाली.

"मी बनवलंय, मीच उचलणार."

"मग मी काय रांगत चहा करू?"

शेजारच्या तंबूतून डॉट आणि रे हे जोडपे हसत आले. "काय दोस्ता, छप्पर केलंस की तिजोरीचं झाकण?" म्हणत रेने कोपरा धरला. छप्पर वर गेले, चहा झाला, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून सॉसेज भाजले. पुढे वर्षानुवर्षे हेच. नवी जागा, नवे हात. नोरीनला मैत्रिणींची वानवा राहिली नाही. ते माझे सोन्याचे दिवस होते.

मग क्लाइव्हने मला गॅसचे दांडे बसवले, मोटारीच्या डिकीला असतात तसे. छप्पर एका हाताने वर! तो मिशीतल्या मिशीत हसला. पण कुणी आले नाही. नोरीन एकटीच चहा पीत बसली. दोन सहली तशाच गेल्या. मग ती यायलाच नको म्हणू लागली. मी शेडमध्ये धूळ खात पडलो. मला फार वाईट वाटे.

एका सकाळी क्लाइव्हने पाना घेऊन ते दांडे काढून टाकले.

"का रे, बिघडले?" नोरीनने दारातून विचारले.

"छे, झकास चालतात," तो मान खाली घालून म्हणाला. "पण तू घरात बसलीस ना."

त्याच आठवड्यात समुद्रकाठी तो जन्मात पहिल्यांदा ओरडला, "अहो, कुणी हात लावता का? छप्पर फार जड आहे!" सहा जण धावले. नोरीनने मोठी किटली चढवली.

मित्रांनो, माझी कोळिष्टके झाडा, चाकांना वंगण द्या. पण माझे छप्पर तेवढे हलके करू नका.