बाक आहे, बाक नाही

लोकपालांच्या कचेरीत त्यांना सगळे भिंगबाई म्हणत. नगर परिषदेबद्दल लोकांच्या ज्या तक्रारी यायच्या, त्या भिंगबाई इतक्या बारकाईने वाचत की कागदावरचा डाग बघून अर्ज जेवणाच्या टेबलावर लिहिला की दवाखान्यातल्या रांगेत, तेही सांगत. अकरा वर्षांत त्यांना कुणी गंडवलं नव्हतं. अशा बाईची मती गुंग केली ती एका साध्या लाकडी बाकाने.

त्या सकाळी टेबलावर दोन फायली होत्या. एक जुनी, भिंगबाईंनीच महिन्यापूर्वी बंद केलेली. एका लेकीने लिहिलं होतं की पाइपलाइन खणताना परिषदेने आमच्या रस्त्यावरचा बाक काढला, तो होता तिथे परत ठेवा. माझे वडील विसरतात. संध्याकाळी फिरून आले की ते त्या बाकावर टेकायचे, समोर आमचं निळं दार दिसायचं, मग उठून घरी यायचे. आता त्यांना घर सापडत नाही. अर्जाखाली छापील दोन चौकटी होत्या, ‘वस्तू आहे’ आणि ‘वस्तू नाही’. तिसरी चौकट कुणाला सुचली नव्हती, म्हणून लेकीने ‘नाही’वर खूण केली होती. त्यावर परिषदेने फोटो पाठवला होता. फोटोत ठणठणीत बाक, आणि त्याच्या मागे निळं दार. भिंगबाईंना तेव्हा वाटलं होतं, बाक तर दाराला चिकटून आहे, मग बाईचं दुखतंय कुठे? ‘निकाली’ लिहून त्यांनी सही ठोकली होती.

दुसरी फाइल त्याच रस्त्यावरच्या एका टेलरबाईंची. त्यांचं म्हणणं, माझ्या घरासमोरच्या फुटपाथवरचा बाक उचला. एक म्हातारे गृहस्थ त्यावर बसतात आणि उठून तडक माझ्या घरात शिरतात. त्यांना परिषदेने कळवलं होतं, ‘नोंदवहीनुसार त्या बाजूस बाक नाही. नसलेली वस्तू हलवता येत नाही.’

दोन्ही उत्तरांखाली एकाच इंजिनिअरची सही होती. भिंगबाईंनी फोन लावला.

“मॅडम, दोन्ही उत्तरं बरोबर आहेत,” इंजिनिअर म्हणाला.

“एकाच बाकाबद्दल?”

“फोटोत आहे, वहीत नाही. फोटो आमच्या विभागाचा, वही दुसऱ्या विभागाची.”

“अहो, पण रस्त्यावर आहे की नाही?”

“रस्त्याचं मी कसं सांगू? मी ऑफिसात बसतो.”

भिंगबाईंनी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. दोन्ही फायली पुन्हा वाचल्या. एका फायलीत नसलेला बाक फोटोत होता, आणि दुसऱ्या फायलीत असलेला बाक वहीत नव्हता. शेवटी पर्स उचलून त्या निघाल्या.

रस्ता अरुंद होता, खणून पुन्हा बुजवलेला, मधोमध डांबराचा नवा काळा पट्टा. बाक होता. भिंगबाईंनी तो हलवून पाहिला, बुडाशी सिमेंट होतं. मग सरळ त्यावर बसल्या. पाठीमागे चार पावलांवर निळं दार. समोर रस्त्यापलीकडे तपकिरी दार, आतून शिलाई मशीनचा आवाज. सगळं जागच्या जागी होतं आणि तरी काहीतरी चुकत होतं. काय चुकतंय, ते काही केल्या कळेना.

तेवढ्यात इस्त्रीच्या शर्टातले एक आजोबा काठी टेकत आले आणि शेजारी बसले.

“कुणाची वाट बघताय?” त्यांनी विचारलं.

“बाकाची,” भिंगबाईंच्या तोंडून निघून गेलं.

“येईल हं,” आजोबांनी धीर दिला. “इकडे सगळं जरा उशिराच येतं.”

मग त्यांनी समोर पाहिलं. घर सापडल्यावर माणसाचा चेहरा सैल पडतो तसा त्यांचा पडला. ते उठले, रस्ता ओलांडला आणि तपकिरी दारातून आत गेले.

तेव्हा कुठे भिंगबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. बाक आधी पलीकडच्या फुटपाथवर होता. तिथे बसलं की समोर निळं दार. खणकाम झाल्यावर ठेकेदाराने अंग चोरलं आणि ट्रक उभा होता त्याच बाजूला बाक रोवून टाकला. आजोबांनी काहीच चुकवलं नव्हतं. ते बाकावर बसत आणि समोरच्या दारात जात, वर्षानुवर्षं जात तसेच. त्यांचं घर मात्र आता त्यांच्या पाठीशी होतं. आणि फोटोत हे सगळं ढळढळीत दिसत असताना आपण सही केली, या विचाराने भिंगबाईंना स्वतःचाच राग आला.

त्या मागोमाग आत गेल्या. आजोबा बूट काढून, शिवायच्या कपड्यांच्या ढिगाशेजारी खुर्चीत आरामात बसले होते. गळ्यात टेप अडकवलेल्या टेलरबाई पाण्याचा ग्लास घेऊन आल्या.

“रोजचंच आहे,” त्या म्हणाल्या. “पाणी पितात, लेक कुठंय विचारतात. मग मी हात धरून पलीकडे पोचवते.”

“मग तक्रार कशाला केलीत?”

“मी घरी असते तोवर ठीक हो! परवा कपडे द्यायला बाहेर गेले होते. परत येऊन बघते तर हे दार ठोठावतायत. तासभर ठोठावत होते म्हणे. तळहात लाल झाले होते. आपल्याच घरात आपल्याला कुणी घेत नाही, असंच वाटलं असेल ना त्यांना?” एवढं बोलून त्यांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

आजोबांना पलीकडे पोचवल्यावर त्यांच्या लेकीने भिंगबाईंना दारातच थांबवलं. “एक विनंती आहे. हे दादाला कळू देऊ नका. बाबा पुन्हा घर चुकले तर त्यांना वृद्धाश्रमात ठेवीन म्हणालाय. घर त्याच्या नावावर आहे, मी काही बोलू शकत नाही. बाबा ठीक आहेत, असंच मी त्याला फोनवर सांगते.”

“माझ्याकडून नाही कळणार,” भिंगबाईंनी शब्द दिला.

लोकपालसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. आपण फक्त शिफारस करू शकतो, त्यांनी आठवण करून दिली, आणि बंद फाइल उघडायची तर ती बंद करणाऱ्याने आपली चूक लेखी कबूल करावी लागते. भिंगबाईंनी कबूल केली. मग पाहणीचा अहवाल लिहायला बसल्या आणि जीव ओतून लिहिला. कुठला फुटपाथ, कुठलं दार, किती पावलं, तासभर ठोठावणं, लाल तळहात, काही म्हणून सोडलं नाही. सोडलं असतं तर परिषद ढिम्म हलली नसती.

“याला म्हणतात अहवाल,” साहेब म्हणाले.

परिषद खरंच हलली. नवव्या दिवशी फोटो आला. बाक पलीकडच्या फुटपाथवर, तोंड निळ्या दाराकडे. भिंगबाईंनी या वेळी फोटो तीनदा पाहिला, नकाशाशी ताडला आणि मगच ‘निकाली’ लिहिलं. त्या दिवशी डबा त्यांना फार गोड लागला.

दोन दिवसांनी टेलरबाई कचेरीत आल्या.

“बाक हलला ना?” भिंगबाईंनी हसून विचारलं.

“हलला. आता माझ्याकडे पाठ करून आहे.”

“मग आता कुणी येत नाही ना?”

“कुणीच येत नाही,” टेलरबाई म्हणाल्या. त्या बसल्या नाहीत. “आजोबांचा मुलगा आला होता, हातात तुमचा अहवाल घेऊन. तळहाताचं ते भर रस्त्यात मोठ्याने वाचून दाखवलं बहिणीला. बाक बसवायच्या आदल्या दिवशी घेऊन गेला त्यांना. ते गाडीत बसेनात, मी घरी जातो म्हणत होते. माझ्या दाराकडे बोट दाखवत होते हो! त्यांची लेक माझ्याशी बोलत नाही आता. तिला वाटतं, मीच कागद दिला. कुणी दिला तो?”

भिंगबाईंना काही उमजेना. त्यांनी फाइल ओढली आणि शेवटचं पान काढलं. अहवालाच्या प्रती कुणाकुणाला, त्याची यादी. परिषद. तक्रारदार एक. तक्रारदार दोन. आणि चौथी ओळ, प्रत्येक अहवालाला आपोआप छापून येणारी, ‘संबंधित घराचे मालक’. खाली त्यांचीच सही. अकरा वर्षं त्या सगळं वाचत आल्या होत्या, फक्त ही यादी त्यांनी कधी वाचली नव्हती. ती कायम सारखीच असायची.

“मी दिला,” त्या म्हणाल्या.

टेलरबाई खुर्ची ओढून बसल्या. मग म्हणाल्या, “एक अर्ज द्या मला.”

अर्ज दिला. टेलरबाईंनी पत्ता लिहिला, रस्ता लिहिला. खालच्या दोन चौकटींपैकी ‘नाही’वर खूण केली.

“अहो, पण बाक आहे की तिथे,” भिंगबाई म्हणाल्या.

“बाकाचं कोण बोलतंय?”

अर्जात एक रकाना कोरा राहिला होता, ‘तक्रार कोणाविरुद्ध’. भिंगबाईंनी अर्ज आपल्याकडे वळवला, त्यात स्वतःचं नाव लिहिलं, शिक्का मारला आणि पावती फाडून टेलरबाईंच्या हातात दिली.