साहेब औषध घेत नाहीत

साहेबांनी जीभ बाहेर काढली, पानाच्या कडेला जेमतेम टेकवली आणि मान फिरवली. मग डोळेही मिटून घेतले.

"बघितलंत?" सिस्टर म्हणाल्या. "आज सातवा दिवस."

खिडकीपाशी कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसलेल्या त्यांच्या नवऱ्याने डोळ्याचं भिंग काढलं नाही. "अपॉइंटमेंट घेऊन जायचं होतं," ते म्हणाले.

साहेब म्हणजे त्यांच्या लेकीचा इग्वाना. शेपटीसकट माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा लांब, हिरवट राखाडी, गळ्याखाली लोंबती पिशवी. शेजारीण त्याला घोरपड म्हणायची आणि सिस्टर दर वेळी तिला दुरुस्त करायच्या. लेकीने त्याचं काहीतरी लांबलचक नाव ठेवलं होतं. पण जो दिवसभर उबेला पडून राहतो, आल्यागेल्याकडे ढुंकून बघत नाही आणि पुढ्यात आलेलं ताट परत पाठवतो त्याला साहेबच म्हणतात, असं सिस्टरांच्या नवऱ्याने, गल्लीच्या घड्याळजींनी, ठरवून टाकलं आणि तेच नाव राहिलं.

लेक पाच महिन्यांपूर्वी दोन वर्षांच्या कामावर परदेशी गेली. जाताना तिने कपाटाची किल्ली शेजारणीकडे दिली, बँकेचे कागद वडिलांकडे दिले आणि साहेबांना आईच्या स्वाधीन केलं. "तू नीट सांभाळशील," एवढंच म्हणाली. सिस्टरांना ते वाक्य दिवसातून दहा वेळा आठवायचं. लेक त्यांच्यावर काही सोपवून गेली, असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

आणि मागच्या आठवड्यात साहेबांचा पुढचा पाय थरथरायला लागला. जनावरांच्या डॉक्टरीणबाई वयाने लेकीएवढ्याच होत्या. त्यांनी हाडांचा फोटो काढून उजेडाला धरला. हाडं धुक्यासारखी दिसत होती. लेकीने त्याच्या काचेच्या पेटीत बसवलेला दिवा नुसताच जळत होता, त्यातले उपयोगाचे किरण केव्हाच संपले होते. शिवाय अंगात कॅल्शियम कमी पडलेलं. दिवा घड्याळजींनी त्याच दिवशी बदलला. राहिली ती कॅल्शियमची पांढरी पूड, रोज चिमूटभर, पाल्यावर भुरभुरून. तीन आठवड्यांत पोटात गेली नाही तर सुया टोचायच्या, आणि या अशक्त जिवाला त्या कितपत सोसतील ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नव्हतं.

"आणि काकू, एक लक्षात ठेवा. जबरदस्तीने तोंड उघडायचं नाही. जबडा मऊ झालाय, हातातच मोडेल."

सिस्टरांची सगळी विद्याच काढून घेतल्यासारखं झालं. चौतीस वर्षं त्यांनी पुरुषांच्या वॉर्डात काढली होती. त्यांच्या हातचं औषध परत गेलं नाही, अशी त्यांची ख्याती होती. आधी गोड बोलायचं, मग दरडावायचं, आणि ते नाही चाललं तर चिमटीत नाक धरून चमचा आत. मोठमोठ्या मिशांचे लोक त्यांच्यापुढे मुकाट आ करायचे. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी गल्लीतला दूधवालासुद्धा त्यांना सिस्टर म्हणे, आणि त्यांनाही दुसऱ्या हाकेला ओ द्यायची सवय राहिली नव्हती.

त्यांना आता बसवेना. साहेबांच्या पेटीपासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून पेटीपर्यंत त्यांच्या खेपा चालू राहायच्या. प्रत्येक खेपेला दवाखान्यातल्याच लाल साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, पाला स्वच्छ पुसून घ्यायचा, बारीक चिरायचा, पूड भुरभुरायची. वॉर्डातल्यासारखा तक्ताही त्यांनी पेटीवर चिकटवला होता. सकाळ, नकार. दुपार, नकार. पपईच्या फोडीत कालवून दिली, तर साहेबांनी फोड हुंगून तशीच ठेवली. जास्वंदीच्या फुलात लपवली, तर फूल तोंडात धरून असं काही झटकलं की पूड उडून घड्याळजींच्या उघड्या घड्याळात गेली.

"आता याचीही हाडं बळकट होणार," ते ब्रशने चाकं झाडत म्हणाले.

सिस्टरांना हसू आलं नाही. रोज सकाळी त्या साहेबांना परातीत घालून वजनकाट्यावर ठेवायच्या आणि रोज काटा थोडा मागेच असायचा. बिनपुडीचा पालाही तो अर्धाच खाई, तेही त्या खोलीबाहेर गेल्यावर. नवऱ्याने सुचवलं, मी भरवून बघू का? त्यांनी साफ नकार दिला. औषध द्यायचं काम त्यांचं होतं.

लेकीचा फोन रविवारी यायचा. दोन रविवार त्यांनी सगळं ठीक आहे असं सांगितलं आणि फोन ठेवल्यावर पुन्हा खेपा सुरू केल्या.

अठराव्या दिवशी संध्याकाळी त्या गच्चीवर गेल्या. कुंडीतल्या भोपळ्याच्या वेलाला नवी पानं फुटली होती. खाली वाकून, माती उकरून, आळं नीट करून त्यांनी पानं खुडली. खाली येऊन नळ सोडला, तर नळाने नुसता सुस्कारा टाकला. बादलीही रिकामी. घड्याळजींनी सांगितलं की पाइप फुटलाय, पाणी उद्या सकाळी.

हातात कोरडा साबण घेऊन त्या मोरीत उभ्या राहिल्या. हात न धुता औषध दिलं असं त्यांच्या आयुष्यात झालं नव्हतं. पण साहेबांच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. शेवटी त्यांनी हात कपड्याला पुसले, पान तसंच मातीच्या बोटांनी फाडलं, पूड भुरभुरली आणि साहेबांसमोर धरलं.

जीभ बाहेर आली. पानाला लागली. मग त्यांच्या अंगठ्याला लागली, एकदा, पुन्हा एकदा. आणि साहेबांनी तोंड उघडून पान ओढून घेतलं.

दुसरंही घेतलं. तिसऱ्याला तर ते स्वतःच पुढे सरकले.

"अहो," सिस्टर हळूच म्हणाल्या. घड्याळजी भिंग काढून बघत राहिले.

सकाळी पाणी आल्यावर त्यांनी पडताळा घेतला. त्याशिवाय त्यांचा विश्वास बसला नसता. नुसत्या पाण्याने हात धुऊन पान दिलं, साहेबांनी खाल्लं. लाल साबणाने हात धुऊन त्याच पुडीचं, त्याच वेलाचं पान दिलं. जीभ आली, टेकली, मान फिरली, डोळे मिटले.

सिस्टर पेटीजवळच्या स्टुलावर बसल्या. किती दिवसांनी त्या अशा बसल्या होत्या.

त्यांना खाट नंबर नऊ आठवली. त्या खाटेवर एक आंधळे म्हातारे होते. सिस्टर दारातून आत आल्या की पाऊल वाजायच्या आधीच ते भिंतीकडे तोंड करायचे. एकदा त्यांनी विचारलं, बाबा, मी आले हे तुम्हाला कळतं कसं? म्हातारे म्हणाले, "तुम्ही कुठं येता? औषध येतं. वास येतो ना." तेव्हा सगळा वॉर्ड हसला होता. त्याही हसल्या होत्या आणि चमचा भरला होता.

आणि मग दुसरं काहीतरी आठवलं, जे इतकी वर्षं त्यांनी लाडाची गोष्ट म्हणून लोकांना सांगितलं होतं. ड्युटीवरून त्या घरी आल्या की चार वर्षांची लेक पळत पलंगाखाली जाऊन बसायची. त्यांना वाटायचं, लपाछपी. त्याही दमलेल्या असून वाकून शोधायच्या. पोरगी बाहेर निघाली की आधी बापाला बिलगायची. त्याच्या अंगाला घड्याळांच्या तेलाचा वास असायचा.

"काय झालं?" घड्याळजींनी विचारलं.

"काही नाही. तिला लहानपणी औषध मीच द्यायचे ना?"

"तू असताना माझी काय बिशाद." त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. "नाक दाबून द्यायचीस."

तिसरा आठवडा संपला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी साहेबांना तोललं, जबड्याखालून अंगठा फिरवला. सुयांची गरज नव्हती. पूड अशीच चालू ठेवा, पाय सावरायला वेळ लागेल, म्हणाल्या. कसं जमवलंत काकू, असंही विचारलं. सिस्टरांनी साबणाचं सांगितलं. डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, त्याचं जेवण झाल्यावर मात्र हात धुवा हं, साबणाने, बिनवासाच्या. इतक्या वर्षांत सिस्टरांना हात धुवायला कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

रविवारी फोन आला तेव्हा त्या पान फाडत होत्या. फोन घड्याळजींनी त्यांच्या कानाशी धरला.

"आई, खातोय का गं तो?"

"खातोय. मध्ये खात नव्हता, तुला सांगितलं नाही. आता खातोय." मग इतक्या सहज, जणू भाजीचं विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "मी ड्युटीवरून आले की तू पलंगाखाली का जायचीस गं?"



"आठवत नाही, आई," लेक म्हणाली. "खूप लहान होते मी."

"हो, लहानच होतीस."

फोन झाल्यावर त्या पुन्हा पेटीकडे वळल्या. मोरीतला लाल साबण वापराविना सुकून त्याला भेगा पडल्या होत्या. तो टाकायचा त्यांना धीर झाला नव्हता. साहेब काचेपाशी येऊन थांबले होते. सिस्टरांनी हात आत घातला. पान संपलं तरी साहेब मागे गेले नाहीत. थरथरता पुढचा पाय उचलून त्यांनी तो सिस्टरांच्या मनगटावर ठेवला, मग दुसरा, आणि तिथेच उबेला पडून राहिले.

सिस्टरांनी मोकळा हात हळूच नाकाशी नेला. हाताला कसलाच वास नव्हता. तो कुणाचाही हात असू शकला असता. त्या तशाच, मनगट न हलवता, बसून राहिल्या.